नाना शंकरशेट आणि आगगाडी

(पाठाची ओळख : भारतातील पहिली प्रवासी आगगाडी १८५३ साली मुंबईहून ठाण्याला गेली. ती सुरू व्हावी म्हणून झटणाऱ्या नाना शंकरशेट यांचे हे चरित्र आहे. आज मुंबईत जमिनीखालून गाडी धावते आणि तिच्या एका स्थानकाला नानांचे नाव आहे. अशी भुयारी गाडी कोठे परवडते आणि कोठे परवडत नाही, याचाही विचार या पाठात केला आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या संगमनेरला प्रवरा नदी आहे, पुणे-नाशिक महामार्ग आहे, एस.टी. स्थानकावर दिवसभर वर्दळ असते. पण रेल्वे स्थानक नाही. आगगाडीत बसायचे तर आपल्याला नाशिक रोडला, नाहीतर बेलापूर किंवा शिर्डीला जावे लागते. त्यामुळे आगगाडी गावात येणे म्हणजे काय, हे तुम्ही चांगले समजू शकाल. सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी तर साऱ्या हिंदुस्थानात एकही प्रवासी आगगाडी नव्हती. त्या काळात एका माणसाने आगगाडीचे स्वप्न पाहिले. त्यांचे नाव जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे. लोक त्यांना आदराने नाना म्हणत.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे झाला. वडील मुंबईतील मोठे व्यापारी होते. नाना लहान असतानाच त्यांची आई वारली. १८२२ साली वडीलही गेले आणि ऐन तारुण्यात साऱ्या व्यापाराचा भार नानांवर पडला. तो त्यांनी सचोटीने सांभाळला. त्यांच्या शब्दाला बाजारात फार मोठी किंमत होती. अरब, अफगाण आणि इतर परदेशी व्यापारी आपला पैसा पेढीत ठेवण्याऐवजी नानांकडे विश्वासाने ठेवत. तुम्ही उर्दूत ज्याला अमानत म्हणता, ती नानांनी अशी जपली.

पैसा मिळाला म्हणून नाना स्वस्थ बसले नाहीत. मुंबईतील मुलांना शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी शाळा काढण्यास मदत केली. सरकारने शिक्षणमंडळ नेमले, तेव्हा त्यात नाना होते, फ्रामजी कावसजी होते आणि महंमद इब्राहिम मकबाही होते. हिंदू, पारशी व मुसलमान अशा तिन्ही समाजांची माणसे एका मेजाभोवती बसून शाळांचा विचार करत होती. मुलींना शिकवणे अनेकांना पसंत नव्हते. तरीही नानांनी मुलींच्या शाळेसाठी आपल्या वाड्याच्या आवारात जागा दिली. १८५२ साली स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशन या संस्थेतही ते पुढे होते. लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणे हे त्या संस्थेचे काम होते.

आता आगगाडीकडे वळू. इंग्लंडमध्ये १८३० साली लिव्हरपूल ते मँचेस्टर रेल्वे सुरू झाली. त्या बातम्या मुंबईत येऊन पोहोचल्या. तेव्हा मुंबईत माल येई तो बैलगाडीने किंवा गलबताने. घाटमाथ्यावरचा कापूस बंदरावर यायला कित्येक आठवडे लागत. पावसाळ्यात तर वाटाच बंद होत. आगगाडी आली तर व्यापार वाढेल आणि माणसे जवळ येतील, हे नानांनी ओळखले. १८४५ च्या सुमारास त्यांनी सर जमशेटजी जिजीभाई यांच्यासह रेल्वेसाठी खटपट सुरू केली. पुढे इंग्लंडमध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही कंपनी उभी राहिली. तिच्या संचालकांत नाना आणि जमशेटजी हे दोन हिंदी गृहस्थ होते.

ही गोष्ट सोपी नव्हती. नुसत्या वाफेच्या बळावर लोखंडी गाडी धावते, यावर पुष्कळांचा विश्वासच बसत नव्हता. गरीब देशात तिकीट काढून बसणार कोण, अशी शंका काही इंग्रज अधिकारीही घेत. पैसा गुंतवणाऱ्यांना धीर यावा म्हणून सरकारने त्यांना शेकडा ५ टक्के व्याजाची हमी दिली. नफा झाला नाही तर ती रक्कम सरकारी खजिन्यातून, म्हणजे रयतेच्या करातून जाणार होती. हे लक्षात ठेवा, कारण मोठ्या कामाचा खर्च शेवटी कोणावर पडतो, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

अखेर १६ एप्रिल १८५३ चा दिवस उजाडला. दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याकडे गाडी निघाली. तोफांची सलामी झाली. १४ डब्यांत सुमारे ४०० पाहुणे बसले होते. गाडी ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने होती. अंतर होते ३४ किलोमीटर. त्या पाहुण्यांत नानाही होते. ज्या गोष्टीला लोक अशक्य म्हणत होते, ती त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होती.

पण खरी परीक्षा पुढेच होती. मुंबईहून पुण्याकडे जाताना सह्याद्री आडवा येतो. बोरघाटात गाडीला सुमारे ५५० मीटर चढायचे होते. १८५६ साली काम सुरू झाले. कातळ फोडून २५ बोगदे खणावे लागले. तेव्हा आजच्यासारखी यंत्रे नव्हती. पहार, हातोडा आणि सुरुंगाची दारू एवढीच साधने होती. हजारो मजूर, बाया आणि बापे, घाटात राबले. पटकी, ताप आणि अपघात यांनी हजारो माणसे दगावली. १८६३ साली घाटातून गाडी वर चढली. नानांचा गौरव करताना त्या नाव नसलेल्या मजुरांनाही आपण विसरता कामा नये.

त्याच वर्षी, १० जानेवारी १८६३ रोजी, लंडन शहरात जगातील पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली. चार्ल्स पिअर्सन नावाच्या वकिलाने तिच्यासाठी अनेक वर्षे खटपट केली होती. पण ती सुरू होण्याआधी काही महिने तो वारला. ही रेल्वे बांधण्याची रीत सोपी होती. रस्ता खणायचा, रूळ टाकायचे, वर कमान बांधायची आणि पुन्हा रस्ता करायचा. मात्र इंजिने वाफेची असल्यामुळे भुयारात धूर कोंडत असे. १८९० साली लंडनला खोल भुयारात विजेची गाडी धावू लागली, तिच्यात हा त्रास नव्हता.

नानांच्या वाट्याला मानाबरोबर त्रासही आला. १८५७ च्या उठावात त्यांचा हात असावा, असा संशय सरकारने घेतला. चौकशी झाली, पण पुरावा मिळाला नाही आणि ते निर्दोष ठरले. पुढे मुंबईच्या कायदेमंडळात त्यांची नेमणूक झाली. ३१ जुलै १८६५ रोजी त्यांचे निधन झाले.

भारतात भुयारी रेल्वे यायला मात्र बराच काळ जावा लागला. पहिली आली कोलकात्याला, १९८४ साली. मुंबईत मेट्रो-३ ही भुयारी वाट २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड अशी पूर्ण झाली. तिची लांबी ३३.५ किलोमीटर असून स्थानके २७ आहेत. त्यांपैकी २६ जमिनीखाली आहेत. मुंबई सेंट्रलजवळच्या स्थानकाला जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव दिले आहे.

आता तुम्ही विचाराल, मग सगळीकडेच अशी गाडी का करत नाहीत? त्यासाठी थोडे गणित करू. मेट्रो-३ ला सुमारे ३७ हजार कोटी रुपये खर्च आला. म्हणजे एका किलोमीटरला साधारण ११०० कोटी रुपये. मुंबईत हे का करावे लागले? तिथे वर जागाच उरलेली नाही. रस्ते अरुंद, इमारती दाट आणि माणसे लाखोंनी. दर काही मिनिटांनी गाडी भरून जाते, म्हणून एवढा खर्च करण्यात अर्थ आहे. तरीही गिरगाव आणि काळबादेवीच्या काही जुन्या चाळींतील कुटुंबांना घर सोडावे लागले आणि आरे येथे झाडे तोडण्यावरून मोठा वाद झाला. जमिनीखालच्या कामाचा त्रास जमिनीवरच्या माणसांनाही होतोच.

दोन शहरांच्या मधली गोष्ट वेगळी. शेतातून रूळ टाकता येत असताना जमिनीखाली जाणे म्हणजे पैसा मातीत घालणे. पुणे ते नाशिक हा सुमारे २३५ किलोमीटरचा मार्ग मेट्रोच्या दराने भुयारातून नेला, तर अडीच लाख कोटींहून अधिक रुपये लागतील. स्थानके कमी असल्यामुळे खर्च काहीसा घटेल, पण तरी तो परवडणार नाही. म्हणून जाणते लोक अडचण असेल तिथेच बोगदा काढतात. कोकण रेल्वेवर ९० हून अधिक बोगदे आहेत, कारण तिथे डोंगर वाट अडवतात. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेचा २१ किलोमीटरचा बोगदा मुंबईजवळच आहे आणि त्यातला ७ किलोमीटरचा भाग ठाण्याच्या खाडीखालून जातो.

हा प्रश्न आपल्या दाराशीही आला आहे. पुणे-नाशिक रेल्वेच्या मूळ आराखड्यात संगमनेर होते. पण नारायणगावजवळ खोडद येथे आकाशातून येणाऱ्या अगदी क्षीण रेडिओ लहरी टिपणारी मोठी दुर्बीण आहे. रेल्वेच्या विजेमुळे तिच्या कामात अडथळा येईल, असा आक्षेप आला आणि शिर्डीमार्गे जाणाऱ्या वाटेचा विचार पुढे आला. तेवढ्या भागात गाडी जमिनीखालून नेता येईल का? नुसत्या घोषणांनी याचे उत्तर मिळणार नाही. मोजमाप करावे लागेल, खर्च मांडावा लागेल आणि शेतकरी, प्रवासी व शास्त्रज्ञ या सर्वांचे ऐकावे लागेल.

नानांनी हेच केले. त्यांनी आधी अभ्यास केला, मग माणसे जोडली आणि मग धीर धरला. आगगाडीचे स्वप्न पाहायला १८४५ साली जेवढे धैर्य लागले, तेवढेच आजही लागेल. उद्या तुमच्यापैकीच कोणी अभियंता होऊन हे गणित सोडवील.

शब्दार्थ
भुयारी – जमिनीखालचे, जमीनदोज
बोगदा – सुरंग
सचोटी – प्रामाणिकपणा, इमानदारी
खटपट – प्रयत्न, कोशिश
रयत – प्रजा, रिआया
पटकी – कॉलरा, हैजा
क्षीण – अगदी कमी शक्तीचे, कमजोर

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) नानांचा जन्म कोठे झाला?
(आ) भारतातील पहिल्या प्रवासी गाडीच्या इंजिनांची नावे कोणती?
२. कारणे लिहा.
(अ) परदेशी व्यापारी आपला पैसा नानांकडे ठेवत.
(आ) लंडनच्या पहिल्या भुयारी रेल्वेत धूर कोंडत असे.
३. शहरात भुयारी रेल्वे परवडते, पण दोन शहरांच्या मध्ये सहसा परवडत नाही. असे का, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
४. आपल्या गावी रेल्वे आली तर कोणाचा फायदा होईल आणि कोणाला त्रास होईल? घरातील वडीलधाऱ्यांशी बोला आणि वर्गात सांगा.