विश्लेषण : २० ऑगस्टला ‘जागतिक डास दिन’ का असतो? मलेरियाचे कोडे सोडवणारे रोनाल्ड रॉस कोण होते?

मलेरिया डासांमुळे होतो, हे आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. एकोणिसाव्या शतकात मात्र दलदलीतून उठणाऱ्या हवेला दोष दिला जाई. मलेरिया या इटालियन शब्दाचा मूळ अर्थच ‘खराब हवा’. हा समज मोडीत काढणारा पुरावा डॉ. रोनाल्ड रॉस यांना भारतात सापडला.

साहित्याची ओढ, पेशा डॉक्टरकीचा

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोडा येथे झाला. त्यांचे वडील लष्करी अधिकारी होते. कविता आणि संगीतात रमणारे रॉस वडिलांच्या आग्रहाखातर वैद्यक शिकले आणि १८८१ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले.

मलेरियाचा परजीवी फ्रेंच डॉक्टर लॅव्हरां यांनी १८८० मध्येच रुग्णाच्या रक्तात पाहिला होता. तो एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा, हे मात्र कळत नव्हते. १८९४ मध्ये लंडनला पॅट्रिक मॅन्सन यांनी डासांवरचा आपला संशय रॉस यांना सांगितला.

दोन वर्षे अपयश का आले?

१८९५ पासून रॉस सिकंदराबादमध्ये रुग्णांना चावलेले डास सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. हाती काहीच लागेना. कारण ते डास क्युलेक्स आणि एडिस जातींचे होते. माणसाच्या मलेरियाचा परजीवी त्यांच्यात वाढतच नाही.

ऑगस्ट १८९७ मध्ये पंखांवर ठिपके असलेले तपकिरी डास मिळाले. ते अ‍ॅनोफिलीस होते. हुसेन खान या रुग्णाला दर डासामागे एक आणा देऊन ते चावू दिले गेले. २० ऑगस्टला त्यातल्या एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना परजीवी दिसला. म्हणूनच हा ‘डास दिन’.

पुढे काय झाले?

लगेचच बदली झाल्याने काम थांबले. १८९८ मध्ये कोलकात्यात त्यांनी पक्ष्यांच्या मलेरियावर प्रयोग केले. परजीवी डासाच्या लाळग्रंथीत पोहोचतो आणि चाव्यातून निरोगी पक्ष्यात शिरतो, हे सिद्ध झाले. माणसाबाबतचे चक्र त्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि सहकाऱ्यांनी दाखवले. श्रेयावरून रॉस आणि ग्रासी यांच्यात कडवट वाद झाला. १९०२ चे नोबेल रॉस यांना मिळाले. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

आज याचे महत्त्व काय?

डासांची जात ओळखली की बचावाची दिशा ठरते. रक्त पिते ती फक्त मादी. अ‍ॅनोफिलीस मुख्यतः रात्री चावते, त्यामुळे मच्छरदाणी उपयोगी पडते. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारी एडिस दिवसा चावते आणि घरातल्या साठवलेल्या पाण्यात अंडी घालते. दोघींच्या अळ्या पाण्यातच वाढतात. नोबेलनंतरही रॉस डासांची पैदास रोखण्याचाच आग्रह धरत राहिले. आठवड्यातून एकदा पिंप, टाकी आणि कूलर रिकामे करून घासून घ्यावेत, हा आजचा सल्ला त्याच वाटेवरचा आहे.