डेनिस रिची : कर्नलची भाषा घडवणारा इंजिनिअर आणि त्यांनी दिलेल्या दोन सवलती

तुमचा अँड्रॉइड फोन लिनक्स कर्नलवर चालतो आणि तो कर्नल जवळपास सगळा सी भाषेत लिहिलेला आहे. ही सी भाषा बनवली डेनिस रिची यांनी. जुन्या फोनसाठी कस्टम रॉम बनवायला कर्नल कंपाईल करायला बसलात, तर हमखास अडवणाऱ्या एरर दोन. एखादं नाव सापडत नाही, किंवा एकच नाव दोनदा सापडतं. या एररचं मूळ शोधत मागे गेलं की आपण पोचतो न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे, बेल लॅब्समध्ये.

रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रॉन्क्सव्हिलचा. वडील अ‍ॅलिस्टर रिची बेल लॅब्समध्येच होते. मुलगा हार्वर्डला भौतिकशास्त्र शिकला, मग गणिताकडे वळला, पीएचडीचा प्रबंधही लिहून काढला. पदवी मात्र कधीच घेतली नाही. (सबमिशनसाठी रात्री जागवणाऱ्या आपल्या पोरांना हे पचायला जड जाईल.) १९६७ मध्ये ते बेल लॅब्समध्ये लागले आणि २००७ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले.

१९६९ साली, म्हणजे इकडे तारापूरच्या अणुवीज केंद्रातून वीज मिळायला लागली त्याच वर्षी, केन थॉम्पसन यांनी पीडीपी-७ नावाच्या छोट्या कॉम्प्युटरवर युनिक्स लिहायला घेतलं. रिची त्यांच्या जोडीला होते. पुढे पीडीपी-११ मशीन आलं. त्याची मेमरी २४ किलोबाइट, त्यातली १२ किलोबाइट युनिक्सलाच लागायची. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटोसुद्धा याहून मोठा असतो.

थॉम्पसन यांची बी नावाची भाषा होती. तिच्यात टाइपच नव्हते, सगळं एकाच मापाचं. रिची यांनी तिला टाइप दिले आणि १९७१ ते १९७३ या काळात तिची सी झाली. १९७२ मध्ये थॉम्पसन यांनी कर्नल सीमध्ये लिहायचा प्रयत्न केला आणि नाद सोडला, कारण भाषेत स्ट्रक्चर नव्हतं. रिची यांनी ते घातल्यावर १९७३ च्या उन्हाळ्यात कर्नल सीमध्ये आला. त्या काळी वेगवेगळ्या स्ट्रक्चरमधल्या फील्डची नावं एकमेकांत मिसळायची, म्हणून आयनोडच्या फील्डना पुढे आय आणि अंडरस्कोअर लावायचे. लिनक्सच्या आयनोडमध्ये आजही तेच आहे, जरी आता गरज उरलेली नाही.

आता सिम्बॉल म्हणजे काय ते पाहू. सिम्बॉल म्हणजे फंक्शनचं किंवा व्हेरिएबलचं नाव. डिक्लेरेशन म्हणजे या नावाचं, या टाइपचं काहीतरी आहे एवढंच सांगणं. डेफिनिशन म्हणजे ती वस्तू प्रत्यक्ष असणं. बोईसर-पालघरकडच्या वाचकांना हे लगेच पटेल. तारापूरचं अणुवीज केंद्र आणि तारापूर एमआयडीसी सगळ्यांना माहीत. पण पालघर ते डहाणू रोडमध्ये तारापूर नावाचं स्टेशनच नाही, उतरायचं बोईसरला. नाव माहीत, पण त्या नावाचं स्टेशन नाही, ही झाली लिंकरची अनडिफाइन्ड रेफरन्सची एरर. हट्टाने तारापूर स्टेशनच शोधलंत तर मिळेल ते गुजरातमधलं, आणंद-खंभात मार्गावरचं. सीचा लिंकर असाच आहे. नाव जुळलं की बास, टाइप तो बघत नाही.

सीमध्ये तेव्हा दोन सवलती होत्या. पहिली, फंक्शन डिक्लेअर न करता वापरलं तर कंपायलर धरून चालायचा की ते पूर्णांक परत देतं. बीमधून आलेल्या कोडसाठी हे सोयीचं होतं आणि पीडीपी-११ वर पूर्णांक १६ बिटचा, पत्ताही १६ बिटचा, त्यामुळे काही बिघडत नसे. मला हा निर्णय त्या वेळेपुरता बरोबरच वाटतो. पण १९७७ च्या सुमारास युनिक्स दुसऱ्या मशीनवर न्यायचं काम निघालं आणि लोकांनी पत्ते आणि पूर्णांक किती बिनधास्त मिसळलेत ते उघडं पडलं. असला कोड पकडायला स्टीव्ह जॉन्सन यांनी लिंट हे टूल लिहिलं. आज पत्ता ६४ बिटचा आणि पूर्णांक ३२ बिटचा. डिक्लेरेशन विसरलं की अर्धा पत्ता गळतो. अ‍ॅपमध्ये असं झालं तर अ‍ॅप बंद पडतं, कर्नलमध्ये झालं तर फोनच रीस्टार्ट. १९९९ च्या सी मानकाने ही सवलत काढली, लिनक्स कर्नल तर अशा कोडला सरळ एरर देतो. जीसीसी कंपायलरने मात्र आपणहून एरर द्यायला २०२४ उजाडलं.

म्हणून एरर आली की आधी ती कोण देतंय ते बघा. कंपायलर देत असेल तर हेडर फाइल जोडायची राहिली आहे. लिंकर देत असेल तर डेफिनिशनची फाइल बिल्डमध्येच नाही, मेकफाइल किंवा कॉन्फिग तपासा. सगळं बिल्ड होऊन मॉड्यूल लोड करताना अननोन सिम्बॉल आलं, तर ते फंक्शन कर्नलमध्ये असेलही, पण मॉड्यूलसाठी एक्स्पोर्ट केलेलं नाही. हेडर बदलत बसून ते सुटणार नाही.

दुसरी सवलत जास्त फसवी. एकच ग्लोबल व्हेरिएबल दोन फाइलमध्ये एक्स्टर्न न लिहिता नुसतं जाहीर केलं, तरी युनिक्सचा लिंकर दोन्ही गुपचूप एक करायचा. १९७८ मध्ये ब्रायन कर्निहान यांच्यासोबत लिहिलेल्या सीच्या पुस्तकात नियम कडक होता, डेफिनिशन एकच हवी. पण कंपायलर चालवून घेतोय म्हटल्यावर पुस्तक कोण बघतो!

१९८३ मध्ये रिची आणि थॉम्पसन यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १२ ऑक्टोबर २०११ रोजी रिची न्यू जर्सीतल्या घरी मृतावस्थेत आढळले. स्टीव्ह जॉब्स यांना जाऊन तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता आणि जग त्याच बातमीत बुडालं होतं.

२०२० मध्ये जीसीसी १० ने ही दुसरी सवलतही बंद केली आणि जगभर जुने कर्नल बिल्ड होईनात. कर्नल स्वतः या बाबतीत आधीपासून कडक होता. अडलं ते बिल्डसाठी लागणाऱ्या डिव्हाइस ट्री कंपायलरमध्ये. त्याच्या दोन फाइलमध्ये वायवायलॉक हे एकच व्हेरिएबल होतं, म्हणून मल्टिपल डेफिनिशनची एरर. जुन्या फोनचा कर्नल नव्या कंपायलरवर बिल्ड करताना ती आजही दिसते. स्क्रिप्ट्स फोल्डरमधल्या डीटीसीच्या लेक्सर फाइलमध्ये जा आणि वायवायलॉकची ती ओळ काढून टाका.