औंधचा सूर्योपासक राजा

सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी औंध हे गाव वसले आहे. डोंगरावरील मूळपीठाकडे जाताना निम्म्या चढावर श्री भवानी संग्रहालयाची इमारत लागते. राजा रविवर्मा, धुरंधर यांची चित्रे, हस्तिदंती कोरीवकाम, इटालियन चित्रकारांच्या कलाकृती, पहाडी शैलीतील लघुचित्रे आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे माता व बालकाचे दगडी शिल्प, असा हजारो वस्तूंचा संग्रह तेथे आहे. १९३८ साली उभ्या राहिलेल्या या इमारतीची रचनाही संग्रहाइतकीच पाहण्यासारखी आहे. दालनांत नैसर्गिक उजेड खेळावा, तो चित्रांवर सारखा पडावा, मात्र रंग विटवणारे ऊन त्यांच्यावर थेट पडू नये, अशी योजना तिच्या बांधणीतच केलेली आहे. चित्र पाहण्यासाठी दिवसा दिवा लावावा लागू नये, हा विचार ज्यांनी केला ते श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे औंध संस्थानचे अधिपती होते. ते स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते आणि सूर्यनमस्काराचे निष्ठावंत प्रचारकही होते.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते पदवीधर झाले. वडील श्रीनिवासराव यांच्या कारकिर्दीत त्यांनी संस्थानच्या कारभाराचा अनुभव घेतला. पण धाकटे चिरंजीव असल्याने गादीवर बसण्याचा योग त्यांच्या नशिबी दिसत नव्हता. वडिलांच्या मागून थोरले बंधू आणि त्यांच्या मागून पुतणे गादीवर आले. पुतण्यांना इंग्रज सरकारने पदच्युत केले आणि १९०९ च्या नोव्हेंबरात, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, बाळासाहेब राजे झाले.

हाती आलेले संस्थान लहान होते आणि गरीबही. अवघी ७२ गावे, तीही एका सलग पट्ट्यात नव्हेत. औंधचा भाग एकीकडे, माणदेशातील आटपाडी दुसरीकडे, कृष्णाकाठाजवळचे कुंडल तिसरीकडे आणि गुणदाळ तर पार विजापूरच्या बाजूला. सह्याद्रीने अडवलेल्या पावसाचे उरलेसुरले शिंतोडे औंध-आटपाडीच्या वाट्याला येत. दुष्काळ हा तेथे पाहुणा नव्हता, घरचाच होता. अशा मुलखात मोठे बेत आखायचे तर जे फुकट आणि मुबलक आहे त्याच्यावरच भिस्त ठेवावी लागे. ऊन, दगड, माती आणि माणसांचे हात एवढ्याच गोष्टी तेथे मुबलक होत्या.

बाळासाहेबांच्या कारकिर्दीचे सूत्र येथे सापडते. जे घरात आहे ते नीट वापरावे आणि जे ज्ञान घरात नाही ते जगात कोठूनही आणावे, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वेळी केल्या. गादीवर आल्यानंतर वर्षभरातच त्याचा प्रत्यय आला. बेळगावात लोखंडी नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रे बनवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना नगरपालिकेच्या निर्णयामुळे कारखान्याची जागा सोडावी लागत होती. बाळासाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिले, कर्जही दिले. निवडुंगाने व्यापलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसू लागली. कारखान्याबरोबर कामगारांची घरे, रस्ते आणि झाडे यांची आखणी झाली. ओसाड जागेवर माणसांना राहण्याजोगे गाव उभे करण्याचा महाराष्ट्रातील तो एक आरंभीचा प्रयोग होय. कराडजवळ ओगल्यांच्या काच कारखान्यालाही औंधचा आश्रय मिळाला. तेथील प्रभाकर कंदील पुढे महाराष्ट्राच्या खेडोपाडी घरोघर टांगला गेला.

कारखानदारीला हात देणारा हा राजा विद्येच्या बाबतीतही सढळ होता. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी त्यांनी एक लाख रुपयांचे साह्य दिले. लहान संस्थानाच्या मानाने ही रक्कम डोळे दिपवणारी होती. वेदाभ्यासक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर १९१८ मध्ये औंधला आले आणि जवळपास तीन दशके तेथे राहिले. १९३५ साली इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद बाळासाहेबांकडे आले.

सूर्यनमस्कार हा त्यांचा ध्यास होता. स्वतः नित्यनेमाने नमस्कार घालावेत, घरच्या मंडळींकडून घालून घ्यावेत आणि संस्थानच्या शाळांतही ते सक्तीचे करावेत, इथवर तो पोहोचला होता. त्यावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केले आणि ते १९३८ साली लंडनहून प्रसिद्ध झाले. आज जगभर योगवर्गांतून जे सूर्यनमस्कार घातले जातात, त्यांच्या प्रसाराच्या इतिहासात औंधचे नाव अग्रभागी येते. व्यायामाला ना यंत्र लागते, ना खर्च. सकाळचे ऊन आणि सतरंजीएवढी जागा पुरते, हे त्या प्रचारामागचे मर्म होते. संग्रहालयाच्या इमारतीत उजेडासाठी सूर्यावर विसंबणे आणि आरोग्यासाठी सूर्यापुढे वाकणे, या दोहोंमागे वृत्ती एकच होती.

याच काळात औंधच्या कहाणीत एक परदेशी माणूस आला. मॉरिस फ्रीडमन हे वॉर्सात जन्मलेले पोलिश ज्यू विद्युत अभियंता. बेंगळुरू येथील म्हैसूर सरकारच्या विजेच्या सामानाच्या कारखान्याची व्यवस्था पाहण्यासाठी ते भारतात आले होते. येथे गांधीजींच्या आणि अध्यात्माच्या ओढीने त्यांनी भगवी वस्त्रे स्वीकारली आणि ते भारतानंद झाले. सूतकताईसाठी त्यांनी बनवलेली धनुष तकली गांधीजींच्या वर्तुळात नावाजली गेली. बाळासाहेबांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत ऑक्सफर्डहून शिकून परतले होते. त्यांची व फ्रीडमन यांची गाठ पडली आणि हा अभियंता औंधला आला.

पुढे जे घडले त्याला हिंदी संस्थानांच्या इतिहासात फारशी तोड नाही. वयाची सत्तरी पूर्ण करताच, १९३८ च्या नोव्हेंबरात, बाळासाहेबांनी राज्याचा अधिकार प्रजेच्या हाती सोपवण्याचा मनोदय जाहीर केला. घटनेचा मसुदा घेऊन मंडळी गांधीजींकडे गेली. गांधीजींनी त्यात ग्रामपंचायतीला पायाचे स्थान दिले आणि साक्षरतेवर भर दिला. राजघराण्याने साधे जीवन पत्करावे, अशीही त्यांची अपेक्षा होती. २१ जानेवारी १९३९ रोजी ही घटना अमलात आली. गावाने पंचायत निवडावी, पंचायतींतून तालुक्याची आणि तालुक्यातून संस्थानची सभा आकाराला यावी, अशी तिची रचना होती. अधिकार वरून खाली झिरपण्याऐवजी खालून वर चढावा, हा त्यामागील विचार होता. शाळा, विहीर, रस्ता यांपैकी गावाला आधी काय हवे हे गावानेच ठरवावयाचे होते.

फ्रीडमन यांच्या कल्पकतेचे दुसरे फळ आटपाडीच्या माळावर दिसले. १९३९ मध्ये तेथे स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत सुरू झाली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या निवडक कैद्यांनी तेथे कुटुंबासह राहावे, शेती कसावी आणि रात्री आपल्याच घरात झोपावे, अशी ती योजना होती. तुरुंग म्हटला की उंच तट, लोखंडी दरवाजा आणि अंधाऱ्या कोठड्या डोळ्यांसमोर येतात. स्वतंत्रपुरात यांपैकी काहीच बांधण्यात आले नाही. गरीब संस्थानाने तुरुंगाच्या भिंतीवरचा दगड, चुना आणि पैसा वाचवला आणि त्या जागी विश्वासाची जोखीम घेतली. आटपाडीजवळच्या शेटफळ्याचे ग. दि. माडगूळकर यांनी याच प्रयोगावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांच्या १९५७ सालच्या ‘दो आँखें बारह हाथ’मधून ती देशापुढे आली. वसाहत आजही तुरुंग विभागाच्या व्यवस्थेखाली चालते.

बाळासाहेबांचे चित्र केवळ उजळ रंगांत रंगवणे मात्र न्याय्य ठरणार नाही. अवर्षणाने गांजलेल्या प्रजेच्या राजाने कलावस्तूंवर खर्च करावा का, हा प्रश्न उरतोच. व्यायाम असो वा शिस्त, त्यांच्या आग्रहात हुकमाची छटा होती. सत्तेचे दान हेही शेवटी राजाच्या मर्जीने झालेले दान होते. तरीही १९४२ नंतरच्या धामधुमीत साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या कार्यकर्त्यांना कुंडल परिसराचा आधार वाटला, याचे एक कारण औंधच्या या सैल झालेल्या राजसत्तेत होते. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले. पुढील वर्षी सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. औंध साताऱ्यात राहिले. आटपाडी, कुंडल आणि किर्लोस्करवाडी सांगलीत गेली. १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेबांचे निधन झाले. आप्पासाहेब स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून देशोदेशी फिरले. फ्रीडमन यांनी पुढे मुंबईतील निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे इंग्रजीत नेली आणि याच भूमीत देह ठेवला.

ही कहाणी आज नव्याने वाचण्याजोगी आहे, त्याला कारण जगाच्या चर्चेत आलेला एक विषय. कोळसा आणि तेल जाळून निर्माण होणाऱ्या कार्बन वायूंचा एक तृतीयांशाहून अधिक भाग इमारतींच्या वाट्याला जातो. त्यांत सिमेंट, पोलाद, विटा बनवण्याचा खर्च येतो आणि मग त्या इमारती वर्षानुवर्षे थंड ठेवण्याचा, उजळण्याचा खर्चही येतो. २०२४ च्या मार्चमध्ये पॅरिसला या एकाच प्रश्नावर जागतिक परिषद भरली आणि सत्तरच्या आसपास देशांनी कमी प्रदूषणाच्या व हवामानाला तोंड देणाऱ्या इमारतींसाठी एकत्र काम करण्याचे जाहीरनाम्याने मान्य केले. तेथे पुढे आलेली तत्त्वे माणदेशाला अपरिचित नाहीत. उजेड आकाशातून घ्यावा, सामान जवळचे वापरावे आणि बांधण्याआधी बांधणे खरोखर गरजेचे आहे काय ते तपासावे, हीच ती तत्त्वे होत. बाळासाहेबांना कार्बनचा हिशेब ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांना ठाऊक होता तो तिजोरीचा हिशेब, आणि दोन्हींचे उत्तर अनेकदा एकच येते.

तथापि जुने ते सारे सोने, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरेल. या पट्ट्यातील धाब्याची घरे घ्यावीत. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती, लाकडी तुळया आणि वर मातीचा जाड थर. दिवसाचे ऊन भिंतीत मुरेपर्यंत संध्याकाळ होते, म्हणून भर वैशाखातही आत गारवा राहतो. पण ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना परिसर हादरला आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला सुमारे आठ हजार माणसे गेली, तेव्हा अशाच सैल दगडांच्या भिंती आणि जड छपरे माणसांवर कोसळली होती. दोष दगडाचा किंवा मातीचा नव्हता. भिंतीच्या आरपार जाणारे सांधदगड आणि भिंतींना चहूबाजूंनी बांधून ठेवणारे पट्टे यांचा अभाव होता. किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या साह्याने झालेल्या पुनर्वसनात जुन्या घरांना असे बळ देण्याचे तंत्र गावोगाव दाखवले गेले. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी सांगलीला, तर २०२१ च्या दरडींनी पाटण खोऱ्याला घराच्या जागेचाही विचार करावयास लावले.

गावाचे साहित्य आणि जगाचे शास्त्र यांची सांगड घालावी लागते, ती येथे. औंधने ती आपल्या परीने घातली होती. लंडनला सूर्यनमस्कार गेले आणि वॉर्साचा अभियंता माणदेशात आला. या देवघेवीत कोणी दाता नव्हता आणि कोणी याचक नव्हता. ७२ गावांच्या धन्याने परक्याचे ज्ञान मान न झुकवता घेतले आणि घरचे ज्ञान संकोच न करता दिले. हवामानाच्या प्रश्नावर श्रीमंत आणि गरीब देश आज ज्या टेबलाभोवती बसतात, तेथे नेमकी हीच बरोबरी अजून यावयाची आहे.