खासगीपणाचा वकील : लुई ब्रँडाइस

लेक्चरला बाकावर डोकं टेकून झोपलेल्या मित्राचा फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा, हे आपल्यापैकी कुणी केलं नाही? काढायला दोन सेकंद, टाकायला एक. झोपलेल्याला विचारायचं तेवढं राहून जातं. गंमत म्हणजे, न विचारता काढलेल्या फोटोवर एका माणसाने १८९० सालीच गंभीरपणे विचार केला होता. तो इंजिनिअर नव्हता, वकील होता. नाव लुई ब्रँडाइस.

लुईचा जन्म १३ नोव्हेंबर १८५६ रोजी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लुईव्हिल इथे झाला. आईवडील प्रागहून आलेले ज्यू. काही शिक्षण जर्मनीत, ड्रेस्डेनला झालं. हातात पदवी नसतानाच १८७५ मध्ये तो हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये दाखल झाला. तिथे वाचून वाचून डोळे इतके बिघडले की मित्र पुस्तकं वाचून दाखवायचे आणि हा ऐकून लक्षात ठेवायचा. तरीही १८७७ मध्ये, विसाव्या वर्षी, पठ्ठ्या वर्गात पहिला! १८७९ मध्ये त्याने वर्गमित्र सॅम्युअल वॉरनबरोबर बॉस्टनला वकिली सुरू केली.

आता त्या काळची टेक्नॉलॉजी बघा. पूर्वी फोटो काढायचा तर कॅमेऱ्यासमोर पुतळ्यासारखं बसावं लागे. म्हणजे माणसाची संमती आपोआपच मिळालेली असायची. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनने कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. हातात धरता येणारा, आत शंभर फोटोंचा रोल, किंमत २५ डॉलर. आता कुणाचाही फोटो त्याच्या नकळत निघू लागला. लोकांच्या घरातल्या गोष्टी चघळायची चटक वर्तमानपत्रांना लागलेली होतीच. वॉरन बड्या घरचा. त्याच्या कुटुंबाच्याही बातम्या छापून येत.

१५ डिसेंबर १८९० रोजी 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'मध्ये या दोघांनी खासगीपणाच्या हक्कावर लेख लिहिला. मुद्दा सरळ होता. कायद्याने आधी माणसाचं शरीर जपलं, मग मालमत्ता जपली, पुढे न छापलेली पत्रंही जपली. मग माणसाचं खासगी आयुष्य का जपू नये? छापलेली गोष्ट खरी आहे, हा बचाव इथे चालणार नाही, असंही त्यांनी मांडलं. पण त्यात एक मेख होती. माणसाने स्वतः किंवा स्वतःच्या संमतीने जी गोष्ट जगजाहीर केली, तिच्यावर हा हक्क उरत नाही. स्टेटस टाकताना हे वाक्य आठवावं!

लेख छापला म्हणून लगेच कायदा बदलला, असं झालं नाही. न्यूयॉर्क राज्यात एका तरुणीचा फोटो तिला न विचारता पिठाच्या जाहिरातीवर छापला गेला, तब्बल २५,००० प्रती. ती कोर्टात गेली आणि १९०२ मध्ये हरली. लोक खवळले, तेव्हा कुठे १९०३ मध्ये राज्याने संमतीशिवाय कुणाचं नाव किंवा फोटो जाहिरातीत वापरायला बंदी घातली.

इकडे ब्रँडाइस गोरगरिबांचा वकील म्हणून गाजला. सार्वजनिक कामाच्या कितीतरी केसेस त्याने फी न घेता लढवल्या. १९१६ मध्ये त्याची सर्वोच्च न्यायालयावर नेमणूक झाली. चार महिने कडाडून विरोध झाला, शेवटी ४७ विरुद्ध २२ मतांनी मंजुरी मिळाली. त्या न्यायालयाचा तो पहिला ज्यू न्यायाधीश.

१९२८ मध्ये जुना प्रश्न नव्या यंत्रासह समोर आला. चोरटी दारू विकणाऱ्या सिॲटलच्या एका माजी पोलीस अधिकाऱ्याचे फोन सरकारी माणसांनी बाहेरच्या तारांना तारा जोडून कित्येक महिने ऐकले होते. न्यायालय म्हणालं, घरात कुणी शिरलं नाही, काही उचललं नाही, मग झडती कसली? निकाल ५ विरुद्ध ४. विरोधात लिहिताना ब्रँडाइसने बजावलं की उद्या विज्ञान असं पुढे जाईल, की ड्रॉवरमधला कागद न हलवता सरकार तो कोर्टात वाचून दाखवेल. क्लाउडवरच्या आपल्या फाइल्स आठवा! ५ ऑक्टोबर १९४१ रोजी तो वारला. त्याचं म्हणणं न्यायालयाला पटलं, पण १९६७ मध्ये.

काही जण म्हणतात, "माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?" ब्रँडाइस लपवाछपवीचा पुरस्कर्ता मुळीच नव्हता. बँकांनी आणि बड्या कंपन्यांनी आपले व्यवहार उघड करावेत, यासाठी त्याने १९१४ मध्ये पुस्तक काढलं. ज्यांच्या हाती सत्ता आणि पैसा, त्यांचं दार उघडं हवं; साध्या माणसाला आपलं दार लावता आलं पाहिजे. आज नेमकं उलटं झालंय. आपण काय विकत घेतो, रात्री किती वाजता काय बघतो, हे ॲपला पाठ; ॲप त्या माहितीचं काय करतं, याचा आपल्याला पत्ता नाही.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या निकालात १८९० च्या लेखाची चर्चा आहे. मुख्य निकालपत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांचं. वडील न्या. यशवंत चंद्रचूड ज्यात सहभागी होते, तो आणीबाणीतला १९७६ चा निकालही त्यात मोडीत काढला गेला. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संमत झाला.

पण कायदा यंत्राच्या मागून चालतो, कधी चाळीस वर्षं मागून. तोवर संमती नावाची किल्ली आपल्याच खिशात असते, आणि आपण ती ५० रुपयांच्या कूपनसाठी देऊन टाकतो. टॉर्चच्या ॲपने कॉन्टॅक्ट मागितले तर नाही म्हणा. सेलच्या घाईत जन्मतारीख भरू नका. पार्सलचा खोका टाकताना नाव-पत्त्याचं लेबल फाडा. ओटीपी कुणालाही सांगू नका.

आणि हो, त्या झोपलेल्या मित्राला आधी उठू द्या. मग विचारा.