बर्नरच्या आधीचे बन्सेन

शाळेच्या प्रयोगशाळेत पाऊल ठेवलेल्या प्रत्येकाला रॉबर्ट बन्सेन हे नाव माहीत असते, ते त्यांच्या बर्नरमुळे. निळी, धूर न करणारी ज्योत देणारा हा बर्नर १८५५ च्या सुमाराचा. पण त्याआधी नऊ वर्षे हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ आइसलँडमध्ये, नुकत्याच शांत झालेल्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी दगड गोळा करत फिरत होते. त्या दगडांतून त्यांनी जे आकडे काढले, त्यांच्या आधारे आज आपल्याला सांगता येते की सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांचा का आहे, आणि शंकूच्या आकाराचा एकही ज्वालामुखी आपल्याकडे का दिसत नाही.

बन्सेन यांचा जन्म १८११ च्या मार्चअखेरीस गटिंगेन या विद्यापीठाच्या गावी झाला. वडील तिथेच प्राध्यापक आणि ग्रंथपाल. विशी गाठता गाठता त्यांनी डॉक्टरेट मिळवली, मग युरोपभर फिरून कारखाने, खाणी आणि प्रयोगशाळा पाहिल्या. १८३४ मध्ये बर्थोल्ड या डॉक्टरांबरोबर काम करताना त्यांनी दाखवून दिले की ताजा, ओला लोह हायड्रॉक्साइड आर्सेनिकला धरून ठेवतो, त्यामुळे विषबाधेवर तो उतारा म्हणून देता येतो. आज आर्सेनिकच्या विषबाधेवर वेगळी औषधे देतात, पण पिण्याच्या पाण्यातून आर्सेनिक काढणाऱ्या कितीतरी गाळण्यांत लोहाची अशीच संयुगे असतात. आपल्या जांभ्याला तांबडा-पिवळा रंग देणारी संयुगेही याच कुळातली.

पुढची काही वर्षे आर्सेनिकने त्यांची परीक्षाच पाहिली. कॅकोडिल या आर्सेनिकयुक्त, दुर्गंधी आणि हवेत आपोआप पेटणाऱ्या द्रव्यांवर ते संशोधन करत होते. एका स्फोटात काचेचा तुकडा लागून त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली. विषारी वाफांनी ते मरणाच्या दारापर्यंत जाऊन आले. हे काम पुरे करून मात्र त्यांनी सेंद्रिय रसायनशास्त्राकडे पाठ फिरवली आणि वायू, खनिजे व दगड यांकडे मोर्चा वळवला.

सप्टेंबर १८४५ मध्ये आइसलँडमधील हेक्ला ज्वालामुखी जागा झाला. आधी राख उडाली, नंतर लाव्हा वाहिला आणि पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत हे चालू राहिले. तेव्हा आइसलँड डेन्मार्कच्या ताब्यात होते. डेन्मार्क सरकारच्या पाठबळावर गेलेल्या पथकातून बन्सेन १८४६ च्या उन्हाळ्यात तिथे पोहोचले. साडेतीन महिने त्यांनी भेगांतून निघणारे वायू काचेच्या नळ्यांत कोंडून घेतले, गरम झऱ्यांचे पाणी भरले आणि निरनिराळ्या काळांतील लाव्ह्याचे दगड फोडून घेतले. परतल्यावर सुरू झाले ते चिकाटीचे काम. प्रत्येक दगडाची पूड करायची, ती विरघळवायची आणि तिच्यात काय किती आहे हे तोलून काढायचे.

हे निष्कर्ष १८५१ मध्ये प्रसिद्ध झाले. आइसलँडचे दगड रंगाने आणि पोताने कितीही वेगळे दिसले, तरी त्यांच्या मांडणीला दोन टोके होती. एका टोकाला फिकट रंगाचे, सुमारे ७७ टक्के सिलिका असलेले दगड. दुसऱ्या टोकाला काळे, जड, लोह-मॅग्नेशियमने समृद्ध आणि सुमारे ४८ टक्केच सिलिका असलेले दगड. बाकीचे या दोहोंच्या दरम्यान कुठेतरी बसत होते. सिलिका म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे संयुग. समुद्रकिनाऱ्यावरच्या पांढऱ्या वाळूत मुख्यतः तेच असते.

सिलिकेचा हा टक्का इतका महत्त्वाचा का? वितळलेल्या शिलारसात सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे अणू एकमेकांना धरून साखळ्या आणि जाळ्या तयार करतात. सिलिका जितकी जास्त, तितके जाळे दाट आणि रस घट्ट. लोह आणि मॅग्नेशियम या साखळ्या तोडतात, म्हणून ते जास्त असले की रस पातळ राहतो. शिवाय काळ्या दगडाचा रस ११०० ते १२०० अंश सेल्सिअस इतका तप्त असतो, तर सिलिकायुक्त रस बहुधा ७०० ते ८५० अंशांचाच. दोन्ही गोष्टी मिळून घट्टपणात कोट्यवधी पटींचा फरक पडतो.

आता त्यात वायू मिसळा. शिलारसात पाण्याची वाफ आणि इतर वायू विरघळलेले असतात, आणि वर येताना दाब कमी झाला की ते सुटू पाहतात. चुलीवरची पेज उकळते तेव्हा बुडबुडे सहज वर येऊन विरतात. पिठले घट्ट होत आले की तेच बुडबुडे अडतात आणि अचानक फटकन उडून हाताला चटका देतात. पातळ शिलारस असाच शांतपणे वाहून जातो आणि दूरवर पसरतो. घट्ट शिलारस नळीत बूच बसवतो, दाब साठत जातो आणि शेवटी डोंगरच फुटतो. १८८३ मध्ये इंडोनेशियातील क्राकाटोआच्या स्फोटाने आणि त्याने उठवलेल्या लाटांनी ३६ हजारांहून अधिक बळी घेतले. तो शिलारस सिलिकेने समृद्ध होता.

रत्नागिरी बसली आहे ती दुसऱ्या टोकाच्या दगडावर. आपला काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट, आणि त्यात सिलिका साधारण ४८ ते ५० टक्के. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून हा पातळ लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला, पसरला आणि थिजला. थरावर थर चढत गेले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्यांनी व्यापलेला आहे. पातळ रसाला शंकू रचता येत नाही. तो सपाट अंथरला जातो. पुढे प्रत्येक थराचा टणक भाग कडा म्हणून उभा राहिला आणि सच्छिद्र, मऊ भाग झिजून उतार झाला. आंबा घाटात समोर दिसणाऱ्या पायऱ्या त्याच. अशा प्रदेशाला ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. दुसऱ्या टोकाचा नमुना पाहायचा तर मुंबईला जावे. तिथल्या जुन्या इमारतींतला फिकट पिवळसर मालाडी दगड हा सिलिका जास्त असलेल्या शिलारसाचा.

पातळ लाव्हा म्हणजे निरुपद्रवी, असे मात्र नाही. आइसलँडमध्येच १७८३ मध्ये लाकी येथे सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि आठ महिने लाव्हा वाहत राहिला. लाव्ह्याने थेट फारशी माणसे मेली नाहीत. पण त्याबरोबर निघालेल्या विषारी वायूंनी गवत नासले, जनावरे दगावली आणि दुष्काळात देशातील किमान पाचवा हिस्सा लोक मृत्युमुखी पडले. दख्खनचे उद्रेक याच जातीचे, पण कितीतरी पटींनी मोठे होते.

आपल्या सड्यांवरचा जांभाही याच कातळाचे अपत्य आहे. उष्ण हवा आणि मुसळधार पाऊस लाखो वर्षे बेसॉल्टवर काम करत राहिले. पाण्याबरोबर सिलिका हळूहळू निघून गेली. लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरले. ज्या सिलिकेच्या कमतरतेमुळे हा लाव्हा दूरवर पसरला, ती उरलीसुरलीही पावसाने नेली तेव्हा कुठे आपल्या घरांना चिरे मिळाले.

बन्सेन यांचे सगळेच टिकले असे नाही. आइसलँडखाली दोन वेगवेगळे साठे आहेत आणि त्यांच्या मिश्रणातून मधले दगड होतात, असे त्यांना वाटे. मिश्रण होते, हे खरे. पण तेवढ्याने सारे उलगडत नाही. शिलारस थंड होताना आधी तयार होणारे स्फटिक बाजूला पडतात आणि उरलेल्या रसात सिलिका वाढत जाते, हा मार्ग अधिक महत्त्वाचा ठरला. चार्ल्स डार्विन यांनी १८४४ मध्ये त्याची चाहूल दिली होती आणि विसाव्या शतकात नॉर्मन बोवेन यांनी तो प्रयोगांनी पक्का केला. बन्सेन यांचा खुलासा मागे पडला, पण सिलिकेच्या टक्क्यावरून दगड ओळखण्याची वाट अजून वापरात आहे.

आइसलँडच्या त्याच मुक्कामात त्यांनी आणि सहकारी देक्लोझो यांनी ‘गेसिर’ या उसळत्या झऱ्याच्या नळीत तापमापके सोडली. तळाशी पाणी १२० अंशांहून गरम होते, तरी उकळत नव्हते. वरच्या पाण्याच्या भाराने त्याचा उत्कलनबिंदू वाढला होता, प्रेशर कुकरमध्ये होते तसा. ते पाणी थोडे वर ढकलले गेले की भार कमी होतो, एकदम वाफ होते आणि कारंजे उसळते. उसळण्यासाठी नळीत आग लागत नाही, हे त्यांनी प्रयोगशाळेत छोटी कारंजी करून दाखवले.

तुरळ, राजवाडी, आरवली, उन्हाळे, उन्हवरे इथली गरम पाण्याची कुंडे पाहून खाली ज्वालामुखी धुमसत असावा, अशी शंका आपल्याकडेही अनेकांना येते. आइसलँडच्या झऱ्यांखाली शिलारस आहे, आपल्या झऱ्यांखाली नाही. पावसाचे पाणी खोल भेगांत उतरते, खोलीबरोबर वाढणाऱ्या पृथ्वीच्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर आहे.

१८५२ पासून बन्सेन हायडेलबर्ग विद्यापीठात शिकवू लागले. तिथेच देसागा या कारागिराच्या मदतीने बर्नर तयार झाला. त्याचे पेटंट त्यांनी घेतले नाही. त्या स्वच्छ ज्योतीमुळे किर्खहोफ यांच्याबरोबर वर्णपटावरून मूलद्रव्ये ओळखण्याची रीत साधली. सीझियम हे नवे मूलद्रव्य त्यांना १८६० मध्ये सापडले ते ड्युर्कहाइमच्या झऱ्याच्या पाण्यात. त्यासाठी ४० टनांहून अधिक पाणी आटवावे लागले. लग्न त्यांनी केले नाही. ७८ व्या वर्षी निवृत्त झाल्यावर ते पुन्हा भूशास्त्राकडे वळले आणि १६ ऑगस्ट १८९९ रोजी हायडेलबर्गमध्येच त्यांचे निधन झाले. महाराष्ट्र त्यांनी कधी पाहिला नाही. तरी आपल्या विहिरीच्या तळाशी लागणारा काळा कातळ त्यांनी लगेच ओळखला असता: पन्नासच्या आतबाहेर सिलिका, म्हणजे पातळ रस, म्हणजे सपाट थर.