चढावावरची गाडी
(बर्थाबाई बेंझ यांचें अल्प चरित्र)

मोटार चालविण्यास शिकणाऱ्या मनुष्याची खरी परीक्षा सपाट रस्त्यावर होत नाहीं. ती चढावावर होते. चढावाच्या मध्यावर गाडी थांबली म्हणजे त्याला तीन कामें एकदम करावीं लागतात. ब्रेक सोडावयाचा, क्लच हळूहळू उचलावयाचा आणि इंजिनाला इंधन वाढवून द्यावयाचें. पाय दोन व पेडलें तीन! तेवढ्या क्षणांत गाडी मागें घसरूं लागते आणि नवशिक्याच्या कपाळावर घाम येतो. हल्लीं हातानें गियर बदलण्याच्या पुष्कळ गाड्यांत अशी योजना असते कीं, ब्रेकवरून पाय काढला तरी दोन-तीन सेकंद चाकें धरून ठेवलीं जातात व चालकास उसंत मिळते. ही सोय आज सहज वाटते. परंतु मोटारगाडीला चढाव जिंकतां आला पाहिजे हा धडा प्रथम रस्त्यावर उतरून, स्वतःच्या खांद्यांनीं गाडी लोटून शिकणारी व्यक्ति एक गृहिणी होती, हें थोड्यांस माहीत असेल. त्या बाईंचें चरित्र आज आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहों.

बर्था रिंगर हिचा जन्म जर्मनींतील बाडेन प्रांतांत, फोर्ट्सहाइम नांवाच्या शहरीं ता. ३ मे १८४९ रोजीं झाला. हें शहर दागिन्यांच्या कारागिरीबद्दल प्रसिद्ध आहे. तिचा बाप सुतारकाम व घरबांधणी करून बराच संपन्न झाला होता. घरांत आधींच मुली होत्या. हिच्या जन्माच्या वेळीं बापानें घरच्या पवित्र शास्त्राच्या प्रतींत, दुर्दैवानें पुन्हां मुलगीच झाली, अशा अर्थाची नोंद केली, आणि पुढें ती नोंद मुलीच्या दृष्टीस पडली, असें सांगतात. ज्या ग्रंथांत देवानें पुरुष व स्त्री या दोघांसहि आपल्या प्रतिरूपांत निर्माण केल्याचें सांगितलें आहे, त्याच ग्रंथाच्या पानावर अशी नोंद व्हावी, ही गोष्ट कोणाहि आईबापांस विचार करावयास लावणारी आहे. मुलीनें मात्र त्या शब्दांचें शल्य मनांत न ठेवतां त्यांचें उत्तर आयुष्यभराच्या कृतीनें दिलें.

इ. स. १८६९ सालीं एका सहलीच्या प्रसंगीं तिची कार्ल बेंझ या तरुण इंजिनियराशीं ओळख झाली. कार्ल हा गरिबींत वाढलेला होता. घोड्यावांचून चालणारी गाडी करावी हा त्याचा एकच ध्यास, आणि जवळ पैसा नाहीं. मानहाइम शहरीं त्यानें एका भागीदाराबरोबर लहानसा कारखाना काढला. परंतु भागीदार भरंवशाचा निघाला नाहीं. तेव्हां बर्थेनें लग्नाआधींच आपल्या वाट्याचें स्त्रीधन देऊन त्या भागीदाराचा हिस्सा सोडविला. ता. २० जुलै १८७२ रोजीं त्यांचें लग्न झालें. पुढें त्यांस पांच मुलें झालीं.

संसाराचीं पहिलीं वर्षें ओढाताणीचीं गेलीं. कारखाना बुडण्याच्या बेतास आला. तरीहि कार्ल रात्रंदिवस आपल्या इंजिनाशीं झटत असे व बर्थाबाई त्यांच्या शेजारीं उभ्या असत. इ. स. १८७९ च्या शेवटच्या रात्रीं, शहर नव्या वर्षाची वाट पाहत असतां, त्यांचें दोन धक्क्यांचें इंजिन प्रथमच नीट चालूं लागलें. १८८३ सालीं बेंझ आणि मंडळी ही नवी कंपनी स्थापन झाली, आणि ता. २९ जानेवारी १८८६ रोजीं कार्ल बेंझ यांनीं आपल्या तीन चाकी मोटारगाडीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. त्याचा क्रमांक ३७४३५. त्याच वर्षीं जुलैंत ही गाडी मानहाइमच्या रस्त्यावर लोकांनीं पाहिली.

परंतु पाहणें निराळें आणि विकत घेणें निराळें. आवाज करणाऱ्या, घोड्यांस बुजविणाऱ्या त्या यंत्रावर लोकांचा विश्वास बसेना. कार्ल हे अत्यंत काटेकोर. गाडी अद्याप पूर्ण झाली नाहीं, असें त्यांस नेहमीं वाटे. कारखान्याच्या आसपास फेऱ्या मारून गाडीची खरी योग्यता सिद्ध होणार नाहीं, हें बर्थाबाईंनीं ओळखलें.

इ. स. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत एके दिवशीं पहांटे, पति निजलेले असतां, बर्थाबाई आपल्या दोन मुलांस घेऊन गाडीवर बसून निघाल्या. थोरला ऑयगेन पंधरा वर्षांचा व धाकटा रिखार्ड तेरा वर्षांचा होता. जावयाचें होतें फोर्ट्सहाइमला, माहेरीं. अंतर सुमारें १०६ किलोमीटर. इतका लांब प्रवास मोटारगाडीनें तोंपर्यंत कोणींच केला नव्हता. रस्ते घोडागाड्यांच्या चाकोऱ्यांनीं भरलेले, आणि पेट्रोलचें दुकान जगांत कोठेंहि नव्हतें. विसलोख येथील औषधांच्या दुकानांत डाग काढण्याकरितां लिग्रोइन नांवाचें द्रव्य मिळत असे. तेंच त्यांनीं विकत घेऊन टांकींत ओतलें. इंधनाची नळी तुंबली तेव्हां टोपीच्या टांचणीनें ती मोकळी केली. ठिणगीच्या तारेवरचें वेष्टण झिजलें तेव्हां मोज्याचा बंद त्यावर गुंडाळला. इंजिन थंड ठेवण्यास पाणी वरचेवर घालावें लागे. साखळी ढिली झाली ती ब्रुखझालच्या लोहारानें ताणून दिली.

खरी अडचण आली ती डोंगराळ भागांत. त्या गाडीचें बळ तीन अश्वशक्तींपेक्षां अधिक नव्हतें, आणि उभ्या चढावास पुरेल असा सावकाश गियर तिला नव्हता. चढाव लागला कीं इंजिन धापा टाकी व गाडी जागच्या जागीं थांबे. मग एकानें सुकाणू धरावें आणि इतरांनीं खालीं उतरून मागून लोटावें! उताराचें दुःख याच्या उलट. लांकडी ठोकळे चाकांवर दाबणारा ब्रेक हळूहळू झिजत चालला. तेव्हां बाउश्लॉट येथील चांभाराकडून बाईंनीं त्या ठोकळ्यांवर चामडें बसवून घेतलें. मोटारीच्या ब्रेकचें अस्तर तें हेंच, असें पुष्कळ मानतात.

सायंकाळीं अंधार पडतां पडतां तिघें धुळीनें माखून फोर्ट्सहाइमला पोहोंचलीं. बाईंनीं लगेच पतीस तारेनें खुशालीची बातमी कळविली, आणि कांहीं दिवसांनीं त्याच गाडीनें परत मानहाइम गांठलें.

घरधन्यास न सांगतां गाडी नेली, हें कृत्य आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस कित्ता म्हणून गिरविण्यास सांगत नाहीं. परंतु परत आल्यावर त्यांनीं काय केलें, तें अवश्य गिरवावें. आपल्या पराक्रमाचा डंका न वाजवितां त्यांनीं गाडीचे दोष पतीपुढें मांडले. चढाव चढत नाहीं. उतारावर ब्रेक पुरत नाहीं. स्वतःचें सर्व धन जिच्यांत घातलें, त्या वस्तूचे दोष उघड बोलण्यास मोठें मन लागतें. आणि कार्ल यांनींहि तें रागानें न घेतां चढावाकरितां एक जास्त गियर गाडीस दिला. इंजिनाची शक्ति तीच. परंतु सावकाश गियरांत चाक कमी फिरतें व त्याचा जोर वाढतो, हें त्यामागील तत्त्व. त्याच सालीं म्युनिकच्या प्रदर्शनांत या गाडीस सुवर्णपदक मिळालें आणि तिची कीर्ति पसरली.

चढाव चढण्याचा प्रश्न गियरानें सुटला; चढावावर थांबून पुन्हां निघण्याचा प्रश्न पुढच्या पिढ्यांस सोडवावा लागला. १९३६ सालीं अमेरिकेंतील स्टुडबेकर कंपनीनें आपल्या प्रेसिडेंट गाडींत एक युक्ति आणली. ब्रेकच्या तेलाच्या वाटेंत एक लहान गोळी ठेवलेली असे. गाडीचें तोंड वर झालें कीं ती गोळी घरंगळून वाट बंद करी, आणि क्लच दाबलेला असेतों ब्रेकमधील दाब सुटत नसे. क्लच उचलतांच वाट मोकळी होई. आजच्या गाड्यांत चढाव ओळखण्याचें काम विजेचें सूक्ष्म उपकरण करितें; परंतु हेतु तोच, कीं पुढें जाणाऱ्यास क्षणभर मागें घसरूं न देणें.

उत्तर आयुष्यांत हें दांपत्य लाडेनबुर्ग येथें राहूं लागलें. तेथें १९०६ सालीं कार्ल यांनीं मुलाच्या सहकार्यानें निराळा कारखाना काढला. १९२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रांत त्यांनीं पत्नीच्या धैर्याचें ऋण मोकळ्या मनानें मान्य केलें. ता. ४ एप्रिल १९२९ रोजीं ते वारले. बर्थाबाई त्यांच्यामागें पंधरा वर्षें जगल्या. ता. ३ मे १९४४ रोजीं, त्यांच्या ९५ व्या वाढदिवशीं, कार्ल जेथें शिकले त्या कार्ल्सरूहच्या विद्यापीठानें त्यांस सन्मान्य सभासद करून घेतलें. दोनच दिवसांनीं, महायुद्धाच्या धुमश्चक्रींत, त्यांनीं देह ठेवला. २००८ सालीं त्यांच्या प्रवासाच्या वाटेस त्यांचें नांव देऊन तिचें स्मारक करण्यांत आलें. जिच्या जन्माची नोंद खेदानें झाली, तिच्या नांवाच्या पाट्या आतां शंभर किलोमीटरांच्या रस्त्यावर उभ्या आहेत!

विद्यार्थीमित्रांनो, आणि विशेषतः मुलींनो, सपाट रस्त्यावर कोणाचीहि गाडी चालते. अभ्यासांत, संसारांत व श्रद्धेंतहि चढाव येतात, आणि तेथें गाडी थांबते. थांबण्यांत लाज नाहीं. अशा वेळीं खालीं उतरावें, खांदा लावावा, मागें घसरूं नये. आणि घरीं परत आल्यावर आपल्या गाडींत काय उणें आहे तें प्रामाणिकपणें सांगून सुधारावें. बर्थाबाईंच्या चरित्रापासून एवढें जरी आम्ही शिकलों, तरी आमचा हा लेख लिहिण्याचा श्रम सार्थकीं लागला असें आम्ही समजूं.