पाण्यात उभा राहिलेला माणूस

१९२१ च्या ऑगस्टमध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट कॅनडातील कॅम्पोबेलो बेटावर कुटुंबासह सुट्टीला गेले होते. वय ३९, आदल्याच वर्षी अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाची निवडणूक हरलेले, पण उमेद शाबूत असलेले राजकारणी. १० तारखेला दिवसभर भटकंती व पोहणे झाल्यावर ते हुडहुडी भरून अंथरुणावर पडले. दोन दिवसांत त्यांना उभेही राहता येईना.

सुरुवातीचे निदान चुकले. मणक्याजवळ रक्ताची गुठळी असल्याच्या समजुतीने पायांना मालीश सुरू झाले. पत्नी एलिनॉर आणि सहकारी लुई हाऊ यांनी ते निष्ठेने केले. २५ ऑगस्टला बोस्टनचे डॉ. रॉबर्ट लव्हेट आले. त्यांनी पोलिओ ओळखला आणि सर्वप्रथम ते मालीश थांबवले. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील हालचालींच्या चेतापेशी नष्ट करतो. स्नायू जागच्या जागी असतात, त्यांना आज्ञा देणारे उरत नाही. अशा हळव्या स्नायूंना आरंभीच्या काळात रगडणे घातकच.

पुढची सात वर्षे रूझवेल्ट यांनी शरीरासाठी दिली. पलंगावर टांगलेल्या कड्यांना धरून त्यांनी छाती व दंड कमावले. आगीची त्यांना फार भीती वाटे, म्हणून जमिनीवर सरपटत खोलीबाहेर पडण्याचा सराव केला. हाईड पार्कच्या घरापासून रस्त्यापर्यंत कुबड्यांवर चालत जायचे, हा त्यांचा नेम होता; ते अंतर त्यांना कधीच पुरे करता आले नाही.

ऑक्टोबर १९२४ मध्ये ते जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे गेले. तेथल्या झऱ्याचे पाणी सुमारे ३१ अंश सेल्सिअस, खनिजांमुळे शरीर उचलून धरणारे. जमिनीवर पोलादी कॅलिपरशिवाय न पेलणारे शरीर खांद्यापर्यंतच्या पाण्यात तोल धरू लागले. झऱ्याने पाय बरे केले नाहीत. गरम पाणी चेतापेशी परत आणत नाही. मात्र न थकता व्यायाम करण्याची जागा तिथे मिळाली. १९२६ मध्ये त्यांनी ती मिळकत विकत घेतली आणि पुढच्या वर्षी रुग्णांसाठी न्यास स्थापला. ते स्वतः इतर रुग्णांना व्यायाम शिकवीत. त्या उपचारकेंद्राची दारे कृष्णवर्णीयांना मात्र बंद होती. त्यांच्यासाठी टस्कीगी येथे वेगळे केंद्र १९४१ मध्ये उघडले, आणि हा डाग त्यांच्या कामावर राहिलाच.

१९२४ च्या पक्ष अधिवेशनात ते कुबड्यांवर व्यासपीठावर गेले होते. १९२८ मध्ये ह्यूस्टनला एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताने मुलगा एलियट याचा दंड धरून गेले. चाल म्हणावी अशी ती नव्हती. कॅलिपर गुडघ्यांत अडकवून, कंबरेला झोके देत पाय पुढे टाकणे होते. हेलेना महोनी या उपचारतज्ज्ञ बाईंनी त्यांना ते शिकवले होते. त्याच वर्षी ते न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदी निवडून आले, १९३२ मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक जिंकली. साध्या खुर्चीला चाके लावून केलेली, हात नसलेली अरुंद चाकाची खुर्ची ते वापरीत. खुर्चीतली त्यांची छायाचित्रे मात्र फारशी छापली गेली नाहीत. लपवाछपवीचा हा भाग आज खटकतो. त्या काळी अपंग माणसाला मते मिळाली असती का, हेही विसरता येत नाही.

१९३३ मध्ये लोकवर्गणीतून व्हाइट हाऊसमध्ये तरणतलाव झाला, आणि आरंभी ते तिथे नियमाने पोहत. १९३८ मध्ये त्यांनी पोलिओविरोधी राष्ट्रीय प्रतिष्ठान काढले; त्याच्या मदतीने झालेल्या जोनास साल्क यांच्या लसीचे यश १९५५ मध्ये जाहीर झाले. युद्धाच्या वर्षांत पोहणे मागे पडले, धूम्रपान चालूच राहिले. मार्च १९४४ मध्ये हृदयरोगतज्ज्ञांना अतिरक्तदाब व हृदयाचा विकार आढळला.

१ मार्च १९४५ रोजी याल्टाहून परतल्यावर त्यांनी काँग्रेसपुढे बसूनच भाषण केले. बसल्याबद्दल क्षमा मागितली आणि पायांवरच्या सुमारे साडेचार किलो पोलादाचा उल्लेख प्रथमच उघडपणे केला. महिनाअखेर ते विश्रांतीसाठी वॉर्म स्प्रिंग्जला गेले. १२ एप्रिलला तिथेच मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले.